परीक्षकाच्या सतरंजीवरून

(यंदा श्रावणात मंडळाच्या चित्रकला स्पर्धेचं पारितोषिक वितरण झालं, त्या वेळी केलेलं हे भाषण. काही पालकांनी ते लेखी मागितलं, म्हणून थोडी काटछाट करून स्मरणिकेसाठी दिलं आहे.)



बक्षिसं वाटून झाली आहेत. चहाला अजून अर्धा तास आहे असं मला सांगण्यात आलं आहे, आणि तेवढ्या वेळात मुलांना उत्तेजन देणारं चार शब्द बोला, असंही सांगण्यात आलं आहे. उत्तेजन मी देईनच. पण त्याआधी एक हिशेब द्यायचा आहे. निकालाचा कागद दुपारी फळ्यावर लागला, तेव्हापासून पाच-सहा पालकांनी मला जिन्यात गाठलं. कुणी रागाने नाही, आपल्या घरचीच माणसं. पण प्रश्न सगळ्यांचा एकच. नऊ ते बारा वर्षांच्या गटात ज्या चित्राला पहिलं बक्षीस दिलंत, त्यात गणपतीच दिसत नाही! गणेशोत्सवानिमित्त स्पर्धा, गणेशोत्सवाचा विषय, आणि पहिल्या चित्रात बाप्पाच गायब, हे काय गौडबंगाल?

प्रश्न रास्त आहे. निकाल लावून परीक्षकाने मागच्या दाराने निघून जायची पद्धत मला कधीच पटली नाही. आमच्या सरकारी खात्यात टेंडर नामंजूर झालं तर त्याचं कारण फाइलवर लिहावं लागतं. मुलाचं चित्र काही टेंडरपेक्षा कमी महत्त्वाचं नाही. तेव्हा कारण सांगतो.

आधी पद्धत सांगतो, कारण बंद दाराआड काय चालतं याबद्दल फार गैरसमज असतात. यंदा मंडळाने एक चांगली गोष्ट केली. मुलांच्या गटांसाठी घरून चित्र आणायचं नाही, इथे हॉलमध्ये बसून काढायचं, कागद मंडळ देणार, विषय इथेच सांगणार, वेळ दोन तास. आई-बाबांना बाहेर व्हरांड्यात खुर्च्या. नाव-गाव मागच्या बाजूला कोपऱ्यात लिहून तो कोपरा दुमडून चिकटवायचा, पुढे फक्त नंबर. टेंडरची पाकिटं जशी सीलबंद असतात तसंच. आम्ही तिघे परीक्षक होतो. सगळी चित्रं या हॉलमध्ये सतरंजीवर पसरली आणि पहिली फेरी नुसती चालत केली. हातात कागद नाही, पेन नाही, आपसात बोलायचं नाही. उभ्याने, आठ-दहा फुटांवरून बघायचं. चित्र लांबून हाक मारतं की नाही ते तिथेच कळतं. मग डोळे अर्धवट मिटून बघायचं. असं केलं की बारीकसारीक तपशील आणि रंगांचा झगमगाट मावळतो, उजेड आणि अंधार एवढंच उरतं, आणि चित्राचा सांगाडा उभा आहे की कोसळलाय ते दिसतं. घरी मुलांनी हे जरूर करून बघावं. मोठ्यांनीही करावं. त्यानंतर खाली बसून जवळून बघणं येतं.

दुसऱ्या फेरीत साधारण सगळीकडे काय करतात? एक तक्ता असतो. विषयाची मांडणी इतके गुण, रेखाटन इतके, रंगसंगती इतके, स्वच्छता इतके. प्रत्येक परीक्षक गुण देतो, बेरीज होते, सर्वांत जास्त बेरीज तो पहिला. दिसायला अगदी न्याय्य. मला मात्र ही पद्धत मुळीच आवडत नाही, आणि का ते आकड्यांतच सांगतो. एका चित्राला तीन परीक्षकांनी दहापैकी आठ, आठ आणि सात दिले. बेरीज तेवीस. दुसऱ्या चित्राला दोघांनी नऊ-नऊ दिले आणि तिसऱ्याला ते पटलंच नाही, त्याने चार दिले. बेरीज बावीस. पहिलं बक्षीस तेवीसला. म्हणजे जे चित्र कुणालाच फारसं आवडलं नाही पण कुणाला खटकलंही नाही, ते जिंकलं, आणि ज्याने दोन माणसांना जागेवर थांबवलं ते हरलं. दरवर्षी असं झालं की मुलांनाही वास लागतो. ती मग कुणालाच खटकणार नाही असं चित्र काढायला शिकतात.

म्हणून आम्ही असं ठरवलं होतं की प्रत्येकाने आधी आपापली पाच चित्रं निवडायची, आणि कुणाही एकाने पहिलं म्हणून ठेवलेल्या चित्रावर बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. विरोध असेल तर कारण सांगायचं. पटलं तर मत बदलायचं. त्या एका गटावर आमचा पाऊण तास गेला. चहा गार झाला, तो तसाच प्यायलो.

आता त्या चित्राकडे येतो. गटाचा विषय होता 'अनंत चतुर्दशीची रात्र'. मुलं इंदूरची. तुम्हीच सांगा, इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री काय असतं? गिरण्यांच्या झांक्या असतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, ही नावं आपल्याकडे गणपतीबरोबरच तोंडात येतात. गिरण्या बंद पडल्या, त्यांचे भोंगे थांबले, पण कामगारांनी झांक्या थांबवल्या नाहीत. जेल रोडला, कृष्णपुऱ्याला, राजवाड्याला लोक संध्याकाळपासून पोतं अंथरून जागा धरून बसतात. आखाडे येतात, लाठी फिरते, पहाट होते. तुमच्या-माझ्या किती पिढ्यांनी ही रात्र बापाच्या खांद्यावरून पाहिली आहे.

आणि निम्म्याहून जास्त मुलांनी काय काढलं? समुद्र. निळाशार समुद्र, काठावर नारळाची दोन झाडं, कमरेएवढ्या पाण्यात उभी चार माणसं, डोक्यावर गणपती, मागे अर्धा बुडालेला सूर्य. अहो, विषय रात्रीचा आहे! मुंबईचा समुद्र इथून जवळजवळ सहाशे किलोमीटर. त्यातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. हे चित्र त्यांनी फोनवर पाहिलंय, कुठल्या तरी क्लासमध्ये गिरवलंय, आणि विषय काहीही आला तरी ते काढायला हात तयार झालेला आहे. हात सुबक आहे, मान्य. ज्यांनी ज्यांनी मला जिन्यात सांगितलं की आमच्याचं चित्र किती स्वच्छ होतं, ते खोटं बोलत नव्हते. पण तेच चित्र आम्ही त्या दुपारी वीस-पंचवीस वेळा पाहिलं होतं. पंचविसाव्याला त्याच्या स्वच्छतेसाठी बक्षीस द्यायचं तर पहिल्याला का नाही?

या सगळ्या समुद्रांच्या मधोमध एक काळपट कागद पडला होता. त्यात काय होतं ते बघा, चित्र त्या भिंतीवर लावलेलंच आहे. सगळी पाठमोरी डोकी. एक टक्कल, त्यावर लाल-हिरव्या दिव्यांचा चट्टा. एक अंबाडा, त्यात गजरा. वर धरलेला एक हात आणि हातात फोन, आणि त्या फोनच्या इवल्याशा चौकटीत झांकीचा उजेड. एक सुटू पाहणारा फुगा. वरच्या कडेला दिव्यांच्या माळेची एक पट्टी, आणि तिच्यातून बाहेर आलेला हत्तीच्या कानाचा तुकडा. आणि डाव्या बाजूला, अगदी जवळ, कागदाच्या पाव भागाएवढा मोठा एक माणसाचा कान. सुरुवातीला आम्हाला तो कान कळेचना. मग माझ्या शेजारच्या परीक्षक बाई म्हणाल्या, "अहो, हा बाबांचा कान आहे. हे पोर खांद्यावर बसलंय."

तिसरे परीक्षक वयाने आणि अभ्यासाने माझ्याहून मोठे आहेत, त्यांचा विरोध होता. एकही आकृती पूर्ण नाही, चेहरा एकही नाही, रंग मळलाय, असं त्यांचं म्हणणं. यातलं शेवटचं खरंच आहे, काळा रंग थेट बाटलीतून घेतल्यामुळे चित्र काही ठिकाणी मेलंय. पण आम्ही बोललो. दहा वर्षांच्या मुलाला झांकी दिसते कशी? अर्धी! पुढच्यांच्या डोक्यांमधून. त्याने जे दिसलं ते काढलं, दिसायला हवं होतं ते नाही काढलं. आणि तो कान कुठल्याही फोनवर सापडणार नाही, तो त्याचाच आहे. शेवटी त्यांनीच ते चित्र उचलून पहिल्या जागी ठेवलं. तेव्हा ज्यांनी विचारलं की यात गणपती कुठे आहे, त्यांनी आज घरी जाताना त्या चित्रासमोर जरा उभं राहावं. सगळी माणसं टाचा उंचावून एकाच दिशेला बघताहेत. तिकडे आहे तो.

लहान गटाचं वेगळं आहे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांचा विषय होता 'माझ्या घरचा गणपती'. या वयाची मुलं चित्र काढताना काय करतात याचा जगभर अभ्यास झालेला आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकाचं १९४७ साली आलेलं पुस्तक चित्रकलेच्या शिक्षकांना आजही वाचायला लावतात. मुलाला जे महत्त्वाचं वाटतं ते तो मोठं काढतो. सगळी माणसं कागदाच्या तळाशी आखलेल्या एका रेघेवर उभी असतात. आकाश म्हणजे वरच्या कडेला एक निळी पट्टी, मधे सगळं मोकळं. आणि भिंतीआडचं, पोटातलं, सगळं आरपार दिसतं. यंदा एका चित्रात गणपतीच्या पोटात एकवीस मोदक व्यवस्थित मोजून मांडलेले होते, आणि शेजारी आजी गणपतीपेक्षा उंच. मोदक आजीने केले असणार, उंची तिला मिळायलाच हवी! ही चूक नाही. त्या वयाचा तो हिशेब आहे, आणि तो पुढे आपोआप बदलतो. त्यात घरच्या मोठ्या माणसाने येऊन "आजी एवढी मोठी असते का रे?" असं म्हटलं की मुलाच्या हातातला खडू थांबतो.

परीक्षकाला मोठ्यांचा हात ओळखू येतो का, असं मला नेहमी विचारतात. येतो. लहान मुलाची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जोराने दाबलेली असते, मोठ्याची रेघ वळणावर हलकी होते. मुलाने काढलेल्या चेहऱ्याभोवती काळ्या मार्करची सफाईदार कड आली की ओळखावं. सहा वर्षांच्या मुलाने नारळावर छाया-प्रकाश दिला की तर विचारायलाच नको. शहरातल्या एका स्पर्धेत, जिथे घरून चित्र आणायची मुभा होती, मी अशाच एका छोट्या मुलाला विचारलं, "छान आहे रे देवळाचं शिखर, कसं काढलंस?" तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "शिखर बाबांनी काढलं, मी झेंडा काढला." आणि खरं सांगतो, अख्ख्या चित्रात तो झेंडाच बघण्यासारखा होता. वाऱ्यावर असा काही फडकत होता! बाबांनी शिखर काढलं नसतं तर त्या झेंड्याला बक्षीस मिळालं असतं.

म्हणून व्हरांड्यातल्या खुर्च्या. यंदा काही जणांना त्याचा राग आला, हे मला ठाऊक आहे. मंडळाने तो नियम मोडू नये.

आता खुल्या गटाबद्दल, म्हणजे आपल्या वयाच्या लोकांबद्दल. इथे विषयाचं बंधन नव्हतं आणि चित्रं घरून आली होती. त्यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत, कारण तुमच्यापैकी काहीजण उज्जैनच्या कालिदास प्रदर्शनाला आणि मुंबई-दिल्लीच्या प्रदर्शनांनाही चित्रं पाठवता. पहिली गोष्ट इतकी साधी आहे की सांगायला संकोच वाटतो. नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचा. आकार, माध्यम, फ्रेम हवी की नको, नाव पुढे लिहायचं की मागे. यंदा तीन चांगली चित्रं केवळ पुढच्या बाजूला ठसठशीत सही असल्यामुळे बाजूला ठेवावी लागली. नाव झाकायचं ठरलेलं असताना दोन इंच उंच सही, मग आम्ही काय करणार?

कागदाचं बघा. जलरंगात काम करायचं आणि शाळेच्या ड्रॉइंगवहीचा पातळ कागद घ्यायचा, हे चालत नाही. पाणी पडलं की तो पापडासारखा फुगतो आणि रंग खोलगट जागी साचतो. तीनशे ग्रॅमचा जलरंगाचा कागद महाग असतो हे खरं, पण एक पूर्ण ताव साधारण बावीस बाय तीस इंचांचा येतो, त्याचे चार तुकडे करा, लहान चित्र काढा. लहान चित्राला कमी लेखणारा परीक्षक मला तरी अजून भेटलेला नाही. पातळच कागद असेल तर आधी भिजवून पाटावर चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टीने ताणून बसवा. श्रावण-भाद्रपदात हवेत इतका ओलावा असतो की पहिला हात वाळायलाच अर्धा तास जातो. वाट बघायची तयारी नसेल तर पावसाळ्यात जलरंगाच्या वाटेला जाऊ नका. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक कुंचला धुवायला, एक रंगात घ्यायला. आणि पांढरं म्हणजे कागद. तो आधीच राखायचा असतो, नंतर पांढरा पोस्टर कलर थापून मिळत नाही. काळ्याचंही तेच. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळून बघा, जो गडद रंग तयार होतो त्यात श्वास असतो. मघाच्या झांकीवाल्या चित्रकाराला मी हे सांगितलं आहे, त्याने वहीत लिहूनही घेतलं.

फ्रेमवर पैसे उधळू नका. सोनेरी नक्षीची फ्रेम चित्राला खाऊन टाकते. दोन-तीन इंचांचा फिकट पांढरा माउंट आणि साधी पट्टी पुरे. हल्ली पहिली निवड फोनवर पाठवलेल्या फोटोवरून होते, आणि तिथे चांगली चांगली चित्रं मार खातात. ट्यूबलाइटखाली, काचेसकट, तिरक्या हाताने काढलेला फोटो पाठवतात. काचेत पंखा आणि चित्रकाराचं पोट दिसतं! चित्र फ्रेममध्ये घालायच्या आधी सकाळच्या उजेडात सावलीत भिंतीला टेकवून उभं करा, फ्लॅश बंद ठेवा, फोन चित्राच्या अगदी समोर आणि सरळ धरा. फोटोतले रंग नंतर भडक करू नका. प्रत्यक्ष चित्र आल्यावर ते फिकं पडतं आणि परीक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. तीन चित्रं मागितली असतील तर एकाच ध्यासाची तीन पाठवा. एक गणपती, एक घोडा, एक अमूर्त असं पाठवलंत की हा माणूस कोण आहे तेच कळत नाही.

खुल्या गटात यंदा एक चित्र आलं होतं, फार देखणं. मला ते अंमळ जास्तच देखणं वाटलं. भिंग घेऊन बघितलं तर रंगाच्या थराखाली छपाईचे ठिपके. कॅनव्हासवर छापून घेतलं होतं आणि वरून रंगाचे चार हात फिरवले होते. आम्ही ते बाजूला ठेवलं, मागचा दुमडलेला कोपरा उघडलाच नाही. कोण ते आम्हाला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. पुढच्या वर्षी मात्र मंडळाने खुल्या गटात चित्राबरोबर त्याची कच्ची रेखाटनं मागवावीत. ज्याने चित्र काढलंय त्याच्याकडे ती असतातच, ज्याने फोनला सांगून काढून घेतलंय त्याच्याकडे नसतात.

एक सावधगिरीचं. फोनवर जाहिराती येतात: घरबसल्या राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय चित्रकला स्पर्धा, दोनशे-तीनशे रुपये भरा, चित्राचा फोटो पाठवा. आठ दिवसांत सुवर्णपदकाचं प्रमाणपत्र येतं. ज्यांनी पैसे भरले त्या सगळ्यांना येतं! ट्रॉफी हवी असेल तर टपालखर्च वेगळा. आपल्याकडच्या काही घरांत भिंती या प्रमाणपत्रांनी भरल्या आहेत. मी कुणाच्या घराचं नाव घेत नाही. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: परीक्षक कोण आहेत, गेल्या वर्षीची निवडलेली चित्रं कुठे बघायला मिळतील, आणि चित्राचे हक्क कुणाकडे राहतात. शेवटचं तर खऱ्या, प्रतिष्ठित स्पर्धांतही वाचा. पाठवलेलं मूळ चित्र परत मिळणार नाही, किंवा आयोजक ते कॅलेंडरवर छापू शकतील, अशी अट बारीक अक्षरात असते. मान्य असेल तर पाठवा, पण वाचून पाठवा.

निकालाबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो. अमृता शेरगिल यांनी १९३५ साली सिमल्याच्या फाइन आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाला चित्रं पाठवली. सोसायटीने त्यातली काही नाकारली आणि घेतलेल्यांपैकी एकाला बक्षीस दिलं. बाईंनी बक्षीस परत पाठवून दिलं. पुढे दोनच वर्षांनी, १९३७ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिलं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, आपल्या धुरंधरांना तिचं सुवर्णपदक १८९५ साली मिळालेलं. चित्रकार तीच, हात तोच, बघणारे बदलले. तेव्हा इथल्या तीन परीक्षकांचं मत हे तीन माणसांचं एका दुपारचं मत आहे. आम्ही ते मन लावून दिलं आहे, एवढीच त्याची किंमत धरा.

आता ज्यासाठी मी खरं तर बोलायला कबूल झालो ते सांगतो. सांगताना थोडा कडू होईन. नऊ ते बारा गटात सत्तरच्या वर मुलं होती. तेरा ते सोळा गटात अकरा. अकराच! बाकीची कुठे गेली? दोन-तीन वर्षांपूर्वी हीच मुलं या सतरंजीवर बसून रंगत होती, मी त्यांना ओळखतो. काही भंवरकुव्याच्या कोचिंगला गेली, ते समजू शकतो, पोटाची चिंता सगळ्यांना आहे. मी स्वतः चित्रकलेचा डिप्लोमा करून खात्यात नकाशे काढतो, त्यामुळे त्यावर कुणाला भाषण देण्याचा मला अधिकार नाही. पण सगळीच कोचिंगमुळे गेलेली नाहीत. बारा-तेराव्या वर्षी मुलाला आपलं चित्र चुकलेलं दिसायला लागतं. हात डोळ्याच्या मागे पडतो. मोठी आजी आणि पोटातले मोदक आता त्याला स्वतःलाच हास्यास्पद वाटतात, आणि खराखुरा घोडा अजून जमत नाही. नेमक्या त्या दिवसांत कुणी म्हणतं, 'तुझा काही नंबर येत नाही, सोड आता, अभ्यास कर.' एका मुलीने मला सांगितलं, दोनदा नंबर नाही आला तेव्हा आईने रंग माळ्यावर ठेवून दिले. तिने ते खाली काढले नाहीत. ती आता अकरावीत आहे.

आणि हे कुठे होतंय? या गावात, जिथे देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली चित्रकलेची शाळा काढली. बेंद्रे इथे शिकले, हुसेन इथे शिकले, डी. जे. जोशी, चिंचाळकर गुरुजी, सगळे त्या एका शाळेतून आले. घराबाहेर पडून, जागेवर बसून निसर्गचित्र करणं ही इंदूरच्या शाळेची ओळख. चिंचाळकर गुरुजी तर रंग-कुंचल्यावरही अडून बसले नाहीत. वाळकं पान, काटकी, मोडकी वस्तू हातात घ्यायचे आणि त्यातून पक्षी नाहीतर माणूस दाखवायचे. त्यांच्याकडे जमलेल्या पोरांना कुणी गुण दिले असतील असं मला वाटत नाही.

तेव्हा माझी कार्यकारिणीला विनंती अशी की तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांची स्पर्धा पुढच्या वर्षीपासून बंद करावी. हो, बंद. त्या बक्षिसांच्या पैशांतून कागद आणि रंग घ्यावेत आणि महिन्यातून एका रविवारी या मुलांना घेऊन बाहेर बसावं. नंबर नाही, प्रमाणपत्र नाही, आई-बाबांना चित्र दाखवायची सक्ती नाही. मी स्वतः दर वेळी येईन. शेजारच्या परीक्षक बाईंनीही यायचं कबूल केलंय.

पहिला रविवार आपण येताच धरू. सकाळी सात वाजता, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, पाऊस असेल तर इथेच हॉलमध्ये. पाटी किंवा जाड पुठ्ठा, दोन पेन्सिली आणि बसायला काहीतरी आणा. रंग असले तर आणा, नसले तर कोळसा मी आणतो. खोडरबर घरी ठेवा. ज्यांना आज नंबर मिळाला नाही आणि कारण हवंय, त्या मुलांनी, मुलांनीच, आपापलं चित्र घेऊन या, प्रत्येकाशी बसून बोलेन. माळ्यावरचे रंग वाळले असतील तर टाकून देऊ नका, पाणी घालून बघू. पोहे मंडळाकडून आहेत. अध्यक्षांनी आत्ताच मान डोलावली, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.